स्टीलची स्कूबा टाकी आतून गंजू नये म्हणून

पुण्यात ज्यांच्या घरी डायव्हिंगसाठी स्वतःची स्टीलची हवेची टाकी आहे, ते वर्षातले मोजकेच दिवस तिच्यासोबत पाण्यात असतात. मालवण-तारकर्ली, कधी गोव्याचं ग्रँड आयलंड, कधी कर्नाटकातलं नेत्राणी बेट. उरलेलं वर्ष टाकी कोथरूडच्या बाल्कनीत किंवा सिंहगड रोडवरच्या एखाद्या पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असते. कोकणातलं डायव्हिंग मेअखेरीला थांबतं ते पावसाळा सरल्यावरच सुरू होतं, आणि त्या चार महिन्यांत टाकीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

गंज चढतो तो याच काळात. बाहेरच्या दमट हवेचा त्यात हात नसतो, कारण बंद टाकीत बाहेरची हवा शिरत नाही. उन्हाळ्यातल्या शेवटच्या ट्रिपला आत गेलेलं चमचाभर पाणी तेवढं पुरतं. म्हणून नवीन माणसाने गंज काढायचा कसा हे नंतर शिकावं. ते चमचाभर पाणी आत जातं कुठून, हे आधी समजून घ्यावं.

आधी टाकी स्टीलची आहे ना, ते बघा

भारतातल्या डायव्ह सेंटरांत बहुतेक टाक्या ॲल्युमिनियमच्या, ज्यांना सगळे ‘एटी’ (८० घनफुटी) म्हणतात. जुनी टाकी विकत घेताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकून न्या. चिकटलं तर स्टील. ॲल्युमिनियमच्या टाकीचं बूड सपाट असतं, स्टीलचं बहुधा गोल, म्हणून स्टीलला खाली रबरी किंवा प्लॅस्टिकचा बूट घातलेला असतो. तो बूट काढून बघायला संकोच करू नका. खाऱ्या पाण्याचा ओलावा तिथेच अडकतो आणि बाहेरून सर्वात जास्त गंज तिथेच सापडतो.

खांद्यावरचे ठसे वाचा: किती लिटर, कामाचा दाब किती, चाचणीचा दाब किती, शेवटची चाचणी कधी. २३२ बारच्या टाकीवर चाचणीचा दाब ३४८ बार असा दिसेल. रिकाम्या टाकीचं वजनही कोरलेलं असतं, पण ते सहसा व्हॉल्व्हशिवायचं असतं. व्हॉल्व्ह काढलेली टाकी काट्यावर ठेवल्यावर आकडा ठशापेक्षा बराच कमी आला, तर तितका धातू गेला.

टाकी कुणी दुबईहून किंवा आणखी कुठून आणलेली असेल तर एक वेगळी कटकट आहे. आपल्याकडे दाबाच्या सिलिंडरांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी ‘पेसो’, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, करतं, मुख्यालय नागपूरला. सिलिंडर आयात करायला परवानगी लागते, आणि मान्यता नसलेली टाकी जबाबदार केंद्र भरून देत नाही. स्वस्त मिळतेय म्हणून घेतलेली टाकी पुढे नुसती खोलीत उभी राहते. पैसे देण्याआधी कागद मागा.

पाणी आत जातं कुठून

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. टाकीत ऑक्सिजनची कमी नाही. २०० बार दाबाला (एक बार म्हणजे साधारण मोकळ्या हवेचा दाब) ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, ४२ बारच्या आसपास जातो, म्हणजे मोकळ्या हवेच्या २०० पट. तरीही हवा कोरडी असेल तर पोलाद वर्षानुवर्षं चकचकीत राहतं. ओल आली की मात्र हाच ऑक्सिजन जोरात कामाला लागतो, आणि ओल खारी असेल तर साधा गंज न चढता धातूत खड्डे पडतात.

पहिली वाट कॉम्प्रेसरची. थोडा हिशेब करून बघू. २५ अंश तापमानाला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. दमट दिवशी ती २० ग्रॅमच्या घरात असते. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरायला २.४ घनमीटर हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसरने ओढलेल्या हवेसोबत जवळजवळ ४८ ग्रॅम पाणी आलं. तीन मोठे चमचे! ते सगळं कॉम्प्रेसरच्या सेपरेटरने (हवेतलं पाणी वेगळं करणारा भाग) आणि फिल्टरने काढून टाकायचं असतं. श्वसनाच्या हवेसाठीचं युरोपीय मानक, ईएन १२०२१, २०० बारपर्यंतच्या टाकीत घनमीटरमागे ५० मिलिग्रॅमच पाणी चालवून घेतं. आपल्या टाकीत ते १२० मिलिग्रॅम होतं, दोन-तीन थेंब. इतकी वाफ पुण्याच्या तापमानात पाणी होऊन तळाला बसत नाही, वाफच राहते. फिल्टर भरून गेलेला असेल, भरणाऱ्याने सेपरेटरमध्ये साचलेल्या पाण्याचा निचरा वेळेवर केला नसेल, तर मात्र हिशेब बिघडतो.

म्हणून भरणाऱ्याला विचारायला लाजू नका: फिल्टर कधी बदलला, निचरा किती वेळाने करता? नीट सेंटरवाला तासांची वही काढून दाखवतो. “अहो, हवाच तर आहे” असं उत्तर मिळालं तर टाकी उचलून परत गाडीत ठेवा.

दुसरी वाट त्याहून साधी आणि माझ्या मते जास्त घातक. डायव्ह संपला, टाकी बोटीवर किंवा किनाऱ्यावर, व्हॉल्व्हच्या तोंडात समुद्राच्या पाण्याचे चार थेंब. कुणी न बघता फिलिंगचा पाइप लावला आणि दाब सोडला. ते चार थेंब गेले थेट आत, आणि ते खारे. काही ठिकाणी टाकी थंड राहावी म्हणून पाण्याच्या हौदात ठेवून भरतात, तिथे तर हे हमखास होतं. यावर उपाय दोन सेकंदांचा आहे. पाइप लावण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडून एक फुर्रकन हवा सोडायची, म्हणजे तोंडातलं पाणी बाहेर उडतं. मग तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं. फिलिंगच्या पाइपातूनही तशीच थोडी हवा आधी सोडून घ्यायची. गर्दीच्या दिवशी सेंटरमध्ये हे कुणी करत नाही. आपल्या टाकीजवळ आपणच उभं राहायचं.

तिसरी वाट म्हणजे टाकी पार रिकामी करणं. आतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका उतरला की रेग्युलेटरमधून (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडापर्यंत आणणारं साधन) पाणी उलटं आत येऊ शकतं. ५० बार शिल्लक ठेवून वर यायला शिकवतात त्याची कारणं बरीच आहेत, त्यातलं हे एक. रिकामी टाकी व्हॉल्व्ह उघडा ठेवून घरी आणणं हाही तसाच प्रकार. दिवसाच्या उन्हात तिच्यातली हवा फुगून बाहेर जाते आणि रात्री थंडाव्यात ती दमट हवा आत ओढते, रोज.

घरी आणल्यावर

बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, बूट काढून धुवा, सावलीत निथळू द्या. धुताना व्हॉल्व्ह बंद आणि आत दाब असलाच पाहिजे.

मग २० बारच्या आसपास कोरडी हवा ठेवून टाकी उभी करा. पूर्ण भरून ठेवायची नाही, कारण आत चुकून ओल असेल तर जास्त दाबाखाली गंज झपाट्याने चढतो. शिवाय वर सांगितलेली दोन-तीन थेंबांची वाफ २०० बारला टाकीतल्या हवेची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या वर नेते. हवा सोडून २० बारवर आणली की ती वाफही दहापट विरळ होते आणि आर्द्रता पाच टक्क्यांच्या आत येते. त्यात पोलाद गंजत नाही. शून्य दाब नको, कारण मग बाहेरचं आत येऊ लागतं.

उभीच का ठेवायची? टाकीचं बूड सर्वात जाड असतं, भिंत पातळ. आत पाणी असलंच तर ते जाड भागावर साचलेलं बरं. आडव्या टाकीत तेच पाणी महिनोन्महिने भिंतीच्या एकाच पट्ट्यावर बसून राहतं. अर्थात उभी टाकी पडू नये म्हणून भिंतीला पट्टा हवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

आत काहीतरी झालंय, हे कसं कळतं

टाकी उघडण्याआधीच बरंच कळतं.

रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात हवा शिरते तिथे एक बारीक जाळीदार फिल्टर असतो. तो उजेडात धरून बघा. तांबूस-तपकिरी धूळ असेल तर स्टीलच्या टाकीचा गंज. पांढुरकी-राखाडी पूड ॲल्युमिनियमची. हिरवट असेल तर पितळी भागांपर्यंत खारं पाणी पोचलंय. काळी असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा, आणि मग त्या सेंटरला फोन करा.

व्हॉल्व्ह हलकेच उघडून हवा हुंगा. चांगल्या हवेला वास नसतो. ओल्या लोखंडाचा वास आला तर शंका घ्या. पांढऱ्या कापडावर क्षणभर हवा सोडली तर ठिपके दिसतात. मग टाकी हळूच आडवी-तिरकी करून कान लावा: पाणी असेल तर डुचमळल्यासारखं ऐकू येतं, गंजाचे पोपडे सुटले असतील तर खळखळ.

टाकी उलटी धरून व्हॉल्व्ह उघडायचा आणि पाणी येतं का बघायचं, ही युक्ती बरेच जण सांगतात. तिच्यावर फार विसंबू नका. व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला आत शिरणारी एक बोटभर नळी असते, ती मुळी कचरा आणि पाणी रेग्युलेटरमध्ये जाऊ नये म्हणूनच लावलेली असते. टाकी उलटी केली की थोडं पाणी त्या नळीच्या भोवती साचून राहतं आणि नळीतून कोरडीच हवा येते.

ऑक्सिजन मोजा

गंज म्हटलं की टाकी फुटेल अशी भीती वाटते. दुसरा धोका शांत आहे आणि नवख्याला कुणी सांगत नाही. गंजताना लोखंड टाकीतला ऑक्सिजन खातं.

१२ लिटरच्या टाकीत २० बार हवा असेल तर तिच्यात ५० लिटर ऑक्सिजन असतो. ४५ ग्रॅमच्या आसपास लोखंड गंजलं की ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ वर येतं. भरलेल्या टाकीत तेवढीच घसरण व्हायला दहापट लोखंड गंजावं लागेल. म्हणजे जी टाकी कमी दाबावर, ओल राहून, विसरली गेलीय तीच याबाबतीत जास्त फसवी. अशी हवा खोलीवर ठीक वाटू शकते, कारण तिथे दाब जास्त असतो. ऑक्सिजन आणखी घटलेला असेल तर वर येताना किंवा पृष्ठभागावर आल्यावर शुद्ध हरपू शकते, आणि आधी काही सूचनाही मिळेलच असं नाही.

म्हणून दीर्घकाळ पडून राहिलेल्या टाकीतली हवा श्वासाला वापरायची नाही. उरलेली हवा सोडून द्यायची, टाकी तपासून ताजी भरायची आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) वापरणाऱ्यांकडे ऑक्सिजन मोजायचं यंत्र असतं त्याने मोजायची. २०.९ च्या आसपास आकडा यायला हवा.

उघडून बघणं

वर्षातून एकदा आतून बघणं हा जगभरचा डायव्हरांचा रिवाज आहे. व्हॉल्व्ह काढण्याचं काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्या, निदान पहिल्या काही वेळा त्याच्या शेजारी उभं राहून. टाकीत दाब असताना व्हॉल्व्ह सुटला तर माणूस मरतो, आणि ‘रिकामी आहे’ असं वाटणारी टाकी रिकामी नसू शकते: गंजाचा पोपडा नळीत अडकला की हवा यायची थांबते पण आत दाब राहतो. पान्हा फिरवताना आटे जड वाटले किंवा बारीक फुसफुस ऐकू आली तर तिथेच थांबायचं.

हवा सोडायची ती सावकाश, तासाभरात. झटकन सोडली तर टाकी गार पडते. त्या गार टाकीचा व्हॉल्व्ह पावसाळ्यातल्या पुण्यात उघडला, की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि आतल्या भिंतीवर दव धरतं. आपण तपासायला म्हणून उघडली आणि आपणच ओल घातली. टाकी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा.

आत बघायला लवचीक तारेवरचा छोटा एलईडी दिवा आणि छोटा आरसा लागतो. दोन्ही तपकीर गल्लीत किंवा बोहरी आळीत मिळून जातं. हल्ली फोनला लावायचे कॅमेरेही मिळतात. तेही चालतील, पण खड्ड्याची खोली त्यात नीट कळत नाही, भिंत आहे त्यापेक्षा भयानक दिसते.

काय दिसतंय ते ओळखायचं कसं? सगळीकडे पातळ नारिंगी झाक, बोट फिरवलं तर बोटाला लागते, खाली धातू गुळगुळीत: हा नुसता वरवरचा गंज. लोखंडी तवा धुऊन न पुसता ठेवला की तासाभरात येतो तसा. तो काळजीचा नाही, मात्र ओल आलीय हे सांगतो. जाड पापुद्रे, त्याखाली काळपट थर असेल तर साफ करून घ्यावं लागेल. आणि सुटे खड्डे, किंवा बुडाच्या कडेने एका ओळीत गेलेले खड्डे दिसले तर निकाल तुम्ही लावायचा नाही. ओळीतले खड्डे सर्वात वाईट, कारण टाकी त्या रेषेवर कमकुवत होते. तपासनीस खोली मोजतो, उरलेल्या भिंतीची जाडी बघतो आणि ठरवतो.

व्हॉल्व्ह परत बसवताना ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) नवी, तिला हलकंसं सिलिकॉन ग्रीस. घरातलं व्हॅसलीन किंवा गॅरेजमधलं वंगण अजिबात नको, उच्च दाबाच्या ऑक्सिजनशेजारी तेल म्हणजे आगीला आमंत्रण. व्हॉल्व्ह बदलत असाल तर आटे तपासा. एम २५ × २ आणि पाऊण इंची हे दोन आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात. चुकीचा व्हॉल्व्ह काही फेरे बसतोही आणि पुढे भरताना दाबाखाली उडतो. ठसा वाचून आणि गेज लावूनच बसवायचा.

गंज काढायचा तर

वरवरची नारिंगी झाक नुसत्या कोमट पाण्याने आणि लांब नायलॉनच्या ब्रशने जाते. पापुद्र्यांसाठी टाकी ‘रोल’ करतात. आत एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत सिरॅमिकचे किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खडे, थोडं पाणी आणि गंजरोधक मिसळलेला साबण, मग टाकी आडवी करून रबरी रोलरांवर तासन्‌तास फिरवायची. भोसरी-चाकण पट्ट्यात सुट्या भागांच्या धारदार कडा घासून काढायला हेच खडे वापरतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही. फिरवणारा मात्र उच्च दाबाच्या टाक्या ओळखणारा हवा. दर काही तासांनी थांबवून बघायचं, कारण गंज संपला की खडे चांगला धातू खायला लागतात.

आणि खड्ड्यांचा खरा अंदाज साफ केल्यानंतरच येतो. गंजाने भरलेला खड्डा वरून सपाट दिसतो.

आम्ल वापरायचा मोह होतो. बाथरूम साफ करायचं ॲसिड टाकीत ओतू नका. ते धातू खातं आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन अशा मजबूत पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. व्हिनेगर-सायट्रिक आम्लाचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्याने गंज निघतो, पण नीट धुतलं-वाळवलं नाही तर दुपारपर्यंत परत येतो. आतून रंग किंवा इपॉक्सीचा लेप हाही प्रयोग होऊन गेलाय: पूर्वी काही अमेरिकी टाक्यांना असा लेप द्यायचे, तो सुटायला लागला आणि त्याच्याआड गंज कुणाला न दिसता वाढत राहिला. आत तेल फवारणं तर नकोच, ते श्वासात येतं. बाहेरून ब्लो-लॅम्पने तापवून वाळवणंही नको. टाकीच्या पोलादाची ताकद उष्णता देऊन कमावलेली असते, ती अशाने जाते.

धुतल्यावरची पहिली दहा मिनिटं सर्वात महत्त्वाची. शेवटचं पाणी गरम घ्या, म्हणजे भिंत तापते आणि ओल लवकर उडते. लगेच उलटी करून निथळू द्या. मग बुडापर्यंत पोचेल अशी नळी घालून हवा मारा. हेअर ड्रायर चालतो, तापलेली हवा पावसाळ्यातही पुरेशी ओल शोषते. शेवटचा हात मात्र दुसऱ्या भरलेल्या स्कूबा टाकीतल्या कोरड्या हवेचा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको, त्याच्या हवेत पाणीही असतं आणि तेलही. दिवा घालून भिंत कोरडी दिसली की ताबडतोब व्हॉल्व्ह लावा.

हायड्रो चाचणी झाल्यावर

ठरावीक काळाने टाकीची पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये डायव्हिंगच्या टाकीसाठी ती दर ५ वर्षांनी असते, ब्रिटनमध्ये मध्ये अडीच वर्षांनी आतली तपासणीही. आपल्याकडे पेसोमान्य केंद्रातच करून घ्यावी. तिथे टाकी पाण्याने भरून दाब देतात, किती फुगली आणि दाब काढल्यावर किती फुगलेलीच राहिली हे मोजतात.

गंमत म्हणजे, गंजाचा पुढचा अध्याय बऱ्याचदा इथेच सुरू होतो. ही केंद्रं मुख्यतः औद्योगिक आणि सीएनजीच्या सिलिंडरांची, स्कूबावाले त्यांच्याकडे क्वचित येतात. ओळखीतल्या एकाची टाकी चाचणीत उत्तम पास होऊन आली, ठसा नवा, आणि आत वाटीभर पाणी. त्याने दोन महिन्यांनी उघडली तेव्हा बुडाला तपकिरी चिखल होता. देतानाच “आतून वाळवून, दिवा घालून दाखवूनच घेणार” असं सांगा, आणि घेताना खरंच बघा.

टाकी बाद ठरली तर तिला कमी दाबाने वापरू, पोहण्याच्या तलावापुरती ठेवू, असले विचार करू नका. सिलिंडर नियमांनुसार बाद सिलिंडर असा नष्ट करायचा असतो की तो परत जोडून वापरता येऊ नये. चाचणी केंद्रच कापून देतं का ते विचारा. नसेल तर व्हॉल्व्ह काढलेल्या, पूर्ण रिकाम्या टाकीचे गॅस कटरवाल्याकडून तुकडे करून घ्या आणि मगच भंगारवाल्याला द्या. अख्खी दिली तर ती रंग मारून परत बाजारात येते, आणि पुढचा घेणारा तुमच्यासारखाच चुंबक खिशात घालून तिच्यासमोर उभा असतो.